बिनवकिलाची केस

वकील न लावता केस करता येते, असं कायदा सांगतो आणि ते खरं आहे. फक्त त्या एका वकिलाच्या जागी किती माणसं लावावी लागतात, ते कायद्याने सांगितलेलं नाही. बदनापुरात आम्ही ते करून पाहिलं. झेरॉक्सवाला, ऑनलाइन सेंटरवरचा पोरगा, संभाजीनगरला स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा भाचा, नोटरी, इंग्रजीचा धाक न वाटणारे रिटायर पोस्टमास्तर, आणि या सगळ्यांचा चहा करणारी आमची ताई. वकील फी घेतो आणि गप्प बसतो. ही मंडळी फी घेत नाहीत आणि गप्पही बसत नाहीत.

केस दाजींची. दाजी म्हणजे ताईचे यजमान. प्रकरण साधं. गेल्या खरिपात परराज्यातल्या एका कंपनीच्या सोयाबीनच्या तीन बॅगा घेतल्या, पेरल्या आणि उगवलं ते फक्त तण. ही गोष्ट कुठे घडावी? तर बदनापुरात. इथल्या कृषी संशोधन केंद्राने काढलेले तुरीचे वाण बदनापूरचंच नाव लावून फिरतात. बीडीएन ७११, बीडीएन ७१६ हे नंबर शेतकऱ्यांच्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात. शेजारचं जालना तर बियाण्यांसाठीच ओळखलं जातं. एवढ्या बियाण्यांच्या गराड्यात राहून आपलं बी उगवलं नाही, हा दाजींना नुकसानीपेक्षा अपमान जास्त वाटला.

रीतसर तक्रार केली. तालुक्याची समिती रानात आली. कृषी खात्याचे साहेब, विद्यापीठाचे शास्त्रज्ञ आणि कंपनीचा प्रतिनिधी. तासावर एक मीटरची काठी आडवी ठेवून तेवढ्यात किती रोपं उगवली ते मोजतात. साहेब मोजत होते. मोजायला फार वेळ लागला नाही. सोयाबीनच्या बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी लागते. दाजींच्या रानात काठीच जास्त ठळक दिसत होती. कंपनीचा माणूस आधी म्हणाला, पेरणी खोल झाली. दाजींनी बोटाने माती उकरून दाखवल्यावर म्हणाला, पाऊस कमी पडला. बांधापलीकडच्या रानात दुसऱ्याच बियाण्याचं सोयाबीन गुडघ्याला लागलं होतं. ते बघून तो म्हणाला, हो, पण तुमच्याकडे जास्त पडला असेल.

पंचनामा झाला, अहवाल आला, कंपनीला नोटीस गेली आणि कंपनीकडून काहीच आलं नाही. तेव्हा दाजींनी ठरवलं, केस करायची. वकील का नाही लावायचा, याचं त्यांचं गणित चोख होतं. "वकिलाला द्यायचे तेवढ्यात दुबार पेरणी होती पाहुणे. मंग काहून द्यायचे?"

आता या ठिकाणी कायदा दाजींच्या बाजूने आहे, हे मान्य केलं पाहिजे. शेतकरी हा ग्राहकच आहे आणि बियाण्यासाठी तो ग्राहक मंचात, म्हणजे आताच्या ग्राहक आयोगात, जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात स्पष्ट केलं. ज्या चळवळीतून हा ग्राहक कायदा आला तिला आपल्याकडे बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत काढून सुरुवात केली. कायदा १९८६ चा, आणि त्याच्या जागी २०१९ चा नवा आला. जुन्या कायद्यात कंपनीचं ऑफिस किंवा शाखा जिथे, किंवा तक्रारीचं कारण जिथे घडलं, तिथे जावं लागे. नव्यात तुम्ही राहता तिथेच तक्रार चालते. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असली तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत असली तर फी शून्य. दाजींनी बियाण्याला मोजलेले पैसे बघता त्यांच्या वाट्याला शून्यच आलं. शून्य फी ऐकून ऑनलाइन सेंटरवरच्या पोराचा चेहरा उतरला. "असं नसतंय काका, कायतरी चलन असंलच," असं म्हणत तो चलन शोधू लागला. सरकारला काहीच द्यायचं नाही, या कल्पनेवर त्याचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. स्वतःचे फॉर्म भरण्याचे पैसे मात्र त्याने तत्काळ सांगितले.

ऑनलाइन तक्रारीची सोय आधी ई-दाखिलवर होती, सप्टेंबर २०२० पासून. १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती आलं. घरबसल्या तक्रार. घरात बसायचं, एवढीच अट. ती दाजींना कधीच पाळता आली नाही, कारण घरात रेंज नाही.

नोंदणीला ईमेल लागतो. दाजींना ईमेल आहे, हे दाजींनाच माहीत नव्हतं. पहिला मोबाइल घेतला तेव्हा दुकानातल्या पोराने तो काढून दिला होता. पासवर्ड त्याला माहीत आणि तो पुण्याला कंपनीत. नवा काढला. मग ओटीपी. दाजींच्या आधारला जोडलेला नंबर पूर्वी दाजींचा होता; आता तो भाच्याकडे आहे, कारण त्यात जुना स्वस्त प्लॅन होता. म्हणजे बदनापुरात बटण दाबायचं, ओटीपी संभाजीनगरच्या अभ्यासिकेत वाजायचा, तिथे मोबाइल सायलेंटवर. दाजी फोन लावायचे, तो उचलायचा नाही, कारण तो अभ्यास करत असायचा. ताई म्हणायची, "बघा, पोरगं किती अभ्यास करतंय." ओटीपीची मुदत संपायची. मग दाजी म्हणायचे, "करतोय ना अभ्यास, मंग कलेक्टर होईपर्यंत थांबा, तोच देईल ओटीपी."

नावाचंही तेच. आधारवर एक स्पेलिंग, सातबाऱ्यावर एक, बँकेच्या पासबुकावर तिसरं, आणि बियाण्याच्या पावतीवर दुकानदाराने फक्त 'दाजी' लिहिलेलं. ती पावती पक्की होती, लॉट नंबर, बॅच, तारीख सगळं शिस्तीत, ग्राहकाचं नाव तेवढं दाजी. गावभर त्यांना दाजीच म्हणतात, दुकानदाराचा काय दोष? जन्मतारीख मात्र सगळीकडे एकच, १ जून. या वयाच्या अर्ध्या मराठवाड्याचा वाढदिवस त्याच दिवशी येतो. शाळेत घालताना गुरुजींनी ती सोय करून ठेवलेली आहे. म्हणजे त्या एका रकान्यात तरी आम्ही एकजिनसी आहोत.

पुरावे गोळा करायला बसलो तेव्हा घराची झडती झाली. बियाण्याच्या तीन बॅगांपैकी एक सापडली ती कूलरवर झाकलेली. दुसरी गड्याने पावसात डोक्यावरून घेण्यासाठी कोपरा दुमडून खोळ केलेली. तिसरीचा शोध शेवटपर्यंत लागला नाही. टॅग मात्र तिन्ही सापडले. सत्यदर्शक बियाणं होतं, म्हणजे टॅग हिरवट. प्रमाणित असतं तर निळा. ते तिन्ही ताईच्या पोथीत खुणेला होते. दाजी म्हणाले, "हे इथं कशाला ठेवले?" ताई म्हणाली, "तुम्ही तर फेकून दिले होते. मीच उचलले. जाड कागद होता." वकिलाच्या ऑफिसात याला कागदपत्रांची जपणूक म्हणत असतील. ताईच्या घरात त्याला काही नाव नाही.

तक्रारीबरोबर तारखांची यादी जोडायची असते. कोणत्या दिवशी काय घडलं, क्रमाने. दाजींना सगळं क्रमाने आठवत होतं. मिरगाच्या तिसऱ्या दिवशी पेरलं. वटपौर्णिमेच्या आधी बघितलं, उगवलं नव्हतं. आषाढीला गेलो, आलो, तरी नव्हतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी समिती आली. पोस्टमास्तर समोर पंचांग, शेजारी कोरा कागद घेऊन बसले आणि दाजींच्या एकेका सणाची इंग्रजी तारीख काढू लागले. वाद झाला तो मिरगाच्या तिसऱ्या दिवशी. दाजी म्हणत होते, मिरीग सातला निघाला. पोस्टमास्तर म्हणत होते, यंदा आठला. एक दिवसाचा फरक, पण पेरणी पावतीच्या तारखेच्या आधीची, असं लागलं तर कंपनीचा वकील काय म्हणेल, या विचाराने दोघांच्या कपाळावर घाम आला. केस अजून दाखल झालेली नव्हती आणि उलटतपासणी जोरात सुरू होती.

सोडवलं पुन्हा ताईने. तिने भिंतीवरून कालनिर्णय काढून आणलं. आमच्याकडे कालनिर्णय भविष्यासाठी कमी आणि भूतकाळासाठी जास्त वापरतात. दुधाचा हिशोब, गॅस कधी लावला, कोणाला किती उसने दिले, सगळं त्या चौकोनांत. जूनच्या पानावर तिच्या बारीक अक्षरात स्पष्ट लिहिलेलं: 'पेरणी. ३ बॅगा.' पोस्टमास्तरांनी चष्मा सारखा केला. "हा तर अव्वल दर्जाचा पुरावा आहे. घटनेच्या वेळी, स्वतःच्या हाताने केलेली नोंद!" ताई लाजली. पान फोटो काढून जोडायचं ठरलं. मग पोस्टमास्तरांनी शेजारचे चौकोन मोठ्याने वाचले. पेरणीच्या आदल्या दिवशी: 'म्हैस दाखवली.' दुसऱ्या दिवशी: 'हे बोलत नाहीत.' तिसऱ्या दिवशी: 'अजून नाही.'

"हे काय?" दाजी.

"म्हशीचं आहे," ताई.

दाजींचं म्हणणं पडलं की तेवढे चौकोन झाकून फोटो काढावा. पोस्टमास्तर म्हणाले, पुराव्यात खाडाखोड करता येत नाही, दस्त जसा आहे तसा. त्यामुळे दाजी आणि ताई जूनमध्ये किती दिवस बोलत नव्हते, ही माहिती आता परिशिष्ट म्हणून कायमची दाखल आहे. पान नंबरसकट.

सातबाऱ्याची गोष्ट वेगळीच. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपये भरून थेट मोबाइलवर उतरतो. तो मुळातच पीडीएफ असतो, सही त्याच्या आतच असते. तो तसाच पोर्टलवर चढवायचा, काम संपलं. पण कोणी असं करताना मी अजून पाहिलेलं नाही. आधी त्याची प्रिंट काढतात, कारण हातात आल्याशिवाय कागद वाटत नाही. मग त्यावर 'सत्यप्रत' असा शिक्का मारून सही घेतात, कारण प्रिंटवर खरी सही नाही. मग त्याचं झेरॉक्स, कारण खरी प्रत घरी ठेवायची. मग झेरॉक्सचा स्कॅन, कारण ऑनलाइन आहे. स्कॅन तिरपा येतो म्हणून मोबाइलने फोटो. फोटो मोठा झाला म्हणून तो लहान करून देणाऱ्या कुठल्याशा ॲपवर. त्या ॲपची जाहिरात कोपऱ्यात घेऊन, अंगठ्याच्या सावलीसह, जमिनीचा तो उतारा पुन्हा पीडीएफ होऊन येतो. सरकारच्या कॉम्प्युटरमधून निघालेला कागद सरकारच्याच कॉम्प्युटरमध्ये पोचायला बदनापूरचा बाजार फिरून येतो आणि प्रत्येक दुकानात दोन-दोन रुपये ठेवत येतो.

झेरॉक्सच्या दुकानात आमच्या पुढे एक वकिलाचा कारकून होता. त्याच्या हातात गठ्ठा. त्यालाही तेच करायचं होतं. न्यायालयांचं ई-फायलिंग २०२१ मध्ये नव्या रूपात आलं, आणि २०२३ च्या सुरुवातीला ते सक्तीचं होणार म्हटल्यावर राज्यभरातल्या वकील मंडळींनी विरोध केला होता, ते आठवत असेल. नेट नाही, स्कॅनर नाही, माणसं नाहीत. तेव्हा आम्ही पेपरात वाचून हसलो होतो. आता त्या कारकुनाने मागे वळून दाजींच्या हातातला गठ्ठा बघितला आणि हळू आवाजात विचारलं, "तुमचा पोरगा पान नंबर टाकून देतो का? आमच्या साहेबांना ते जमत नाही." वकील न लावणारे आणि वकील स्वतः, दोघांची गाठ शेवटी एकाच काउंटरवर पडते. दाजींना त्या दिवशी फार बरं वाटलं. "साहेबालाही जमत न्हाई म्हणतोय," हे त्यांनी गाडीला किक मारताना, चौकात आणि जेवताना अशा तिन्ही वेळा सांगितलं.

न्यायालयांसाठी खरं तर आवारातच ई-सेवा केंद्रं आहेत आणि तिथली मदत फुकट असते. गंमत अशी की तहसीलसमोर जे असतं ते महा ई-सेवा केंद्र, आणि कोर्टात असतं ते ई-सेवा केंद्र. नावात 'महा' आहे म्हणून लोक आधी मोठ्याकडे जातात. देशातलं पहिलं असं ई-रिसोर्स सेंटर, 'न्याय कौशल', नागपूरला ३१ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालं, उद्घाटन त्या वेळचे सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी केलं. न्यायालयांच्या ई-फायलिंगमध्ये तर शपथेचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचीही सोय आहे. हे पोस्टमास्तरांनी सांगितल्यावर दाजींचा हिरमोड झाला, कारण आपल्या तक्रारीत ते नाही. फेटा बांधून, मागे बैलजोडी उभी करून शपथ घ्यायची त्यांची फार इच्छा होती.

आमच्यासाठी साधं कागदी शपथपत्र. इथे स्टॅम्प पेपरचा प्रश्न निघाला. १०० चा स्टॅम्प २०२४ च्या ऑक्टोबरात बंद झाला, आता ५०० चा. आणि मुळात सरकारी कार्यालयांत, न्यायालयांत द्यायच्या शपथपत्रांवरचं मुद्रांक शुल्क राज्य सरकारने १ जुलै २००४ पासूनच माफ केलेलं आहे. साधा कोरा कागद चालतो. हे मी सांगितलं. सगळ्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. झेरॉक्सवाला म्हणाला, "चालतंय सर, पण न्हाई चाललं तर?" या प्रश्नाला उत्तर नाही. वीस वर्षांहून जुनी माफी आहे आणि 'नाही चाललं तर' या तीन शब्दांपुढे ती रोज हरते. आम्ही कोऱ्या कागदावरच केलं. दाजींना मात्र ते शेवटपर्यंत उघड्या अंगाने बाहेर पडल्यासारखं वाटत होतं.

तक्रारीचा मजकूर भाच्याने लिहून पाठवला. त्याने तो मोबाइलमधल्या कुठल्याशा हुशार मशीनकडून लिहून घेतला होता, हे पहिल्याच ओळीत कळलं. त्यात दाजी 'कृषी उद्योजक' होते, त्यांना 'भावनिक आघात' झाला होता आणि त्यांनी 'दर्जेदार अंकुरण अनुभवाची' अपेक्षा ठेवली होती. शिवाय मध्ये एका निकालाचा हवाला, वर्षासकट, पक्षकारांच्या नावासकट. पोस्टमास्तरांनी तो शोधला. असा निकालच नव्हता. भाचा फोनवर म्हणाला, "पण किती चपखल होता ना मामा?" शेवटी ताईने सांगितलं आणि मी लिहिलं: बी घेतलं, पेरलं, उगवलं नाही, समितीने बघितलं, कंपनीने उत्तर दिलं नाही, पैसे आणि नुकसान द्या. अर्ध्या पानात बसलं. दाजींना ते फार कमी वाटलं. "एवढ्याशासाठी कोर्टात जायचं?"

चढवलं एकदाचं. छाननीत परत आलं. अनुक्रमणिकेतले पान नंबर आतल्या पानांशी जुळत नव्हते, एक पान आडवं आणि शपथपत्रावरचा नोटरीचा शिक्का वाचता येत नव्हता. शेरा बरोबर होता, मुद्दे तिन्ही खरे. पण मेसेजमध्ये 'डिफेक्ट' हा शब्द होता आणि तो दाजींना लागला.

"डिफेक्ट बियाण्यात होता. तो अर्जात कसा काय आला?"

नंबर पुन्हा टाकले, पान उभं केलं, शिक्का दुसऱ्यांदा मारून घेतला. नोटरीच्या माणसाने या वेळी एवढ्या जोराने मारला की खालच्या दोन पानांवरही उमटला. तो रागाने नव्हे, आत्मविश्वासाने मारला होता, हे स्पष्ट दिसत होतं. या वेळी मंजूर झालं. नंबर आला. दाजींनी तो डायरीत, कालनिर्णयावर आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डच्या आतल्या बाजूला लिहून ठेवला.

आता प्रश्न उभा राहिला, पेशीला कोण बोलणार? उच्च न्यायालयात वकिलाशिवाय उभं राहायचं तर मुंबई उच्च न्यायालयाचे २०१५ चे नियम आहेत. आधी रजिस्ट्रीतल्या अधिकाऱ्यांच्या समितीसमोर जायचं, आणि या माणसाला स्वतःची बाजू मांडणं झेपेल का, ते समिती बघते. ताई म्हणाली, लग्नाच्या आधी अशी समिती असायला पाहिजे होती. ग्राहक आयोगात तशी परीक्षा नाही. तिथे तक्रारदार स्वतः बोलू शकतो किंवा प्रतिनिधी पाठवू शकतो. वकील नसलेल्या प्रतिनिधीला बोलू द्यायचं की नाही, यावर मुंबईतून निघालेलं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. २०११ साली निकाल लागला: बोलू द्यावं. पण प्रतिनिधी तक्रारदाराच्या आधीच्या ओळखीतला हवा, म्हणजे नातेवाईक, शेजारी, धंद्यातला सोबती किंवा मित्र. आणि त्याने मोबदला घेता कामा नये, थेट नाही आणि आडूनही नाही.

या चारांत न बसणारा माणूस बदनापुरात कोणी शोधून दाखवावा. मी तर चारही रकान्यांत बसत होतो. दाजींच्या मेहुण्याचं घर त्यांच्या घरामागेच, बटाईने एक तुकडा दोघांचा, आणि मैत्री म्हणाल तर कालनिर्णय बघा, ताई बोलत नव्हती त्या दिवसांत दाजी आमच्याकडेच जेवायला होते. अडचण मोबदल्याची. आडून म्हणजे काय? चहा? पोहे? पेशीला जाताना गाडीत टाकलेलं पेट्रोल? पोस्टमास्तरांनी बारकाईने वाचून मत दिलं की चहा हा मोबदला होत नाही, पण त्याच्याबरोबर भजी आली तर संशयाला जागा राहते. त्या दिवसापासून ताईने भजी बंद केली. मला प्रतिनिधी करण्याचा विचार दाजींनी त्यानंतर दोन दिवसांत सोडून दिला. स्वतःच बोलतो म्हणाले.

इथे एक विषयांतर करतो. याच ग्राहक कायद्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी आणखी एक निकाल दिला. वकिलाने नीट काम केलं नाही म्हणून त्याच्यावर ग्राहक आयोगात जाता येणार नाही. वकिली हा वेगळा व्यवसाय आहे, त्याची तुलना नको. म्हणजे बी उगवलं नाही तर कंपनीवर जाता येतं, वकील उगवला नाही तर नाही. दाजींना हे सांगितल्यावर त्यांनी माझी पाठ थोपटली. वकील न लावण्याचा आपला निर्णय थेट दिल्लीहून मंजूर होऊन आला, असं त्यांना वाटलं.

आणि कंपनीचं काय? कंपनीने वकील लावला, अर्थात. कंपनीला उत्तर द्यायला कायद्याने ३० दिवस मिळतात, फार तर आणखी १५. त्यापुढे एकही दिवस नाही, असं पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी ठरवून टाकलंय. दाजींना ही एक ओळ तोंडपाठ झाली. चहाच्या टपरीवर सोयाबीनचा भाव सांगावा तसे ते रोज सांगू लागले, आज एकोणतिसावा, आज तिसावा, आता उसने दिवस चालू झाले त्यांचे. बेचाळिसाव्या दिवशी उत्तर आलं. दाजींना वाईट वाटलं. पंचेचाळिसावा हुकला.

उत्तरात कंपनीने जे लिहिलं ते वाचून मात्र पोस्टमास्तरांच्या डोळ्यांत चमक आली. त्यांचं म्हणणं, तक्रारदाराने बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासायला दिलेला नाही. दाजी चकित. "सगळं पेरलं ना! नमुना म्हणून रान उपसून देऊ का?" पण हाच सवाल २०१२ च्या त्या निकालात येऊन गेलेला आहे. शेतकरी बी पेरण्यासाठी घेतो, मूठभर मागे ठेवून तपासणीची वाट बघत बसावं अशी अपेक्षा त्याच्याकडून धरता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलंय. दाजींनी रानात काठीजवळ उभं राहून जे म्हटलं होतं तेच, फक्त इंग्रजीत आणि शिव्या वगळून.

पहिली पेशी व्हिडिओवर झाली. रेंज मिळते ती विहिरीच्या कठड्यावर. दाजींनी तिथे खुर्ची ठेवली, धुतलेला सदरा, टोपी, मागे पोस्टमास्तर फाईल घेऊन, बाजूला भाचा खास सुट्टी काढून मोबाइल धरायला. आवाज सुरू करायचं बटण भाच्याच्या ताब्यात होतं आणि तो ते दाबायला घाबरत होता, कारण वडील काय बोलतील याचा भरवसा नाही. नंबर पुकारला. कंपनीच्या वकिलाने पुढची तारीख मागितली. भाच्याने बटण दाबलं. दाजी ताठ झाले, हात जोडले आणि इतके दिवस तयार केलेलं सगळं विसरून म्हणाले, "चालतंय साहेब. आम्ही इथंच आहोत."

पुढची तारीख पडली. वाट बघायची सवय दाजींना आहे, ते कोरडवाहू शेती करतात. पण तेवढ्यात गावात बातमी पसरली की दाजी वकिलाशिवाय केस लढतात आणि सोपं आहे म्हणतात. आता रोज कोणी ना कोणी ओट्यावर येऊन बसतो. कोणाचा पंप, कोणाचा विमा, कोणाचा मोबाइल. दाजी त्यांना आत बोलावत नाहीत, ओट्यावरच खुर्ची टाकून बसतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "पक्की पावती आहे का?" दुसरा, "कालनिर्णय आणलं का?" चहा विचारतात, भजी नाही.

परवा वरच्या आळीची एक काकू आली होती. फ्रिज घेतला, महिन्यात बंद पडला. पावती होती, वॉरंटी कार्ड होतं. दाजींनी चष्मा लावून सगळं तपासलं आणि मान हलवली.

"आणि बॅग कुठंय?"

"फ्रिजला बॅग नसते दाजी. खोकं असतंय."

"मंग खोकं कुठंय?"

काकू गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "त्यात कोंबडी खुडूक बसलीय."

"उठवू नका तिला," दाजी म्हणाले. "तशीच राहू द्या. पोराला पाठवतो, तारखेसकट फोटो काढू, पीडीएफ करू."